आठ ते आठ : भिवंडीचे माग, वीज आणि आमची रात्र

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला मी निबंध दिला होता, 'वीज नसती तर'. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठीच्या तासाला हा विषय आलटून पालटून दर दोन-तीन वर्षांनी येतोच, आणि मुलंही तेच ते लिहितात. पंखा बंद, टीव्ही बंद, मोबाइल चार्ज होणार नाही, एडिसनचे आभार. वह्या तपासताना एका वहीत फक्त चार ओळी सापडल्या. 'लाइट गेली की अब्बा घरी येतात. आम्ही सगळे एकत्र जेवतो. म्हणून मला लाइट गेलेली आवडते. पण अब्बांना आवडत नाही.'

व्याकरणाच्या दोन चुका होत्या. मी लाल शाईने त्या दुरुस्त केल्या आणि मग बराच वेळ ती वही हातात धरून बसले.

त्या मुलाचे वडील यंत्रमागावर काम करतात. पाळी आठ ते आठ. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. पगार महिन्याचा नसतो, विणलेल्या मीटरवर असतो. लाइट गेली की माग थांबतो, आणि माग थांबला की मजुरीही थांबते. म्हणजे ज्या अर्ध्या तासाने मुलाला बाप मिळतो, त्याच अर्ध्या तासाने घरातलं पीठ कमी होतं. मुलाने हे सगळं चार ओळींत लिहिलं होतं. मला ते समजून घ्यायला इतिहासाची बरीच पुस्तकं आणि दादीच्या बऱ्याच आठवणी धुंडाळाव्या लागल्या. हा लेख त्याच शोधाचा आहे.

मगरिबला थांबणारं काम

मी भिवंडीच्या मोमीन घरातली. आमचे पूर्वज विणकर. १८५७ च्या बंडानंतर उत्तरेतल्या आझमगढ, मऊ, इलाहाबाद या भागांतून विणकरांची कुटुंबं दक्षिणेकडे निघाली. गिरणीच्या विलायती कापडाने त्यांचा धंदा आधीच मोडला होता, बंडानंतरच्या दडपशाहीने उरलासुरला आधारही गेला. मुंबई-आग्रा रस्त्याने ती खाली आली. त्यातली काही मालेगावात थांबली, काही बुऱ्हाणपुरात, काही पार भिवंडीपर्यंत पोहोचली. इथे कोकणी मुसलमान आधीपासून होते, आजूबाजूला आगरी गावं होती. आमच्या लोकांना मराठी शिकवली ती शाळेने नाही, या शेजाऱ्यांनी आणि बाजाराने.

माझी दादी हातमागाच्या घरात वाढली. ती सांगायची, दिवस फज्रला सुरू व्हायचा आणि मगरिबला संपायचा. पुरुष मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. बाया चरख्यावर कांड्या भरायच्या, सूत उलगडायचं, ताण्याला खळ लावायची, तुटलेले धागे जोडायचे. "दिव्यात धागा दिसत नाही बेटा," ती म्हणायची, "म्हणून अल्लाहने आम्हाला रात्र दिली होती."

दादी त्या दिवसांचं गुणगान करत होती असं नाही. हातमागावर पोट भरत नव्हतं. सावकाराकडून सूत उधार आणायचं, कापड त्यालाच द्यायचं, आणि हिशेबात नेहमी आपणच देणेकरी निघायचो, हेही तीच सांगायची. पण दोन गोष्टी तिच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा यायच्या. रात्र आपली होती, आणि कांडीचे पैसे जरी वेगळे मिळत नसले तरी कांडी भरल्याशिवाय माग चालत नाही हे घरातल्या पुरुषाला माहीत होतं.

मुंबईने रात्र कशी गमावली

रात्र जाण्याची गोष्ट भिवंडीत सुरू झाली नाही. ती मुंबईच्या गिरण्यांत सुरू झाली.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. शाळेत आपण शिकवतो ते एवढंच की लोखंड्यांनी रविवारची सुट्टी मिळवून दिली. ती १८९० मध्ये मिळाली, खरं आहे. पण त्या निवेदनात आणखी एक मागणी होती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला संपावं. तेव्हा बहुतेक गिरण्या उजेड असेपर्यंतच चालायच्या. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त, हिवाळ्यात कमी. सूर्य हाच कामगारांचा एकमेव कायदा होता, आणि लोखंडे तो कागदावर आणू पाहत होते.

तो कागदावर येण्याआधी गिरण्यांत विजेचे दिवे आले. एकदा दिवा लागला की सूर्यास्ताला काही अर्थ उरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापडाला भाव आला तेव्हा दिवे लावलेल्या गिरण्या तेरा, चौदा, काही तर पंधरा तास चालू लागल्या. १९०५ मध्ये मुंबईच्या वर्तमानपत्रांत यावर वादळ उठलं. कामगारांनी काम बंद केलं, दगडफेकही झाली. सरकारने आधी एक समिती नेमली, मग एक आयोग. अखेर १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली.

ही तारीख आणि हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. १९११, बारा तास. पुढे १९२२ मध्ये ११ तास झाले, १९३४ मध्ये १०, आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचे वडील ज्या वेळापत्रकाने काम करतात, ते मुंबईच्या गिरणी कामगारांनी शंभर वर्षांपूर्वीच मागे टाकलं होतं.

पाणी कुणाचं, प्रकाश कुणाचा

गिरण्यांना वाफेच्या इंजिनासाठी कोळसा लागायचा. तो लांबून यायचा, महाग पडायचा आणि मुंबईवर धूर सोडायचा. सह्याद्रीवर पडणारा पाऊस अडवून त्याच्यापासून वीज करायची, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ती त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. १९१० मध्ये कंपनी उभी राहिली, लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधली गेली, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. नंतर भिवपुरी, नंतर भिरा. त्या काळाच्या मानाने हे फार मोठं काम होतं. घाटमाथ्याचं पाणी नळांतून खाली कोकणात सोडायचं, त्या उताराच्या जोरावर जनित्रं फिरवायची आणि वीज तारांतून मुंबईला न्यायची. धूर नाही, राख नाही. आज आपण ज्याला स्वच्छ ऊर्जा म्हणतो ती हीच.

पण भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळशीला धरण हवं होतं, आणि तिथे पन्नासेक गावं होती, आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं होती. १९२१ च्या रामनवमीला तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांचे पुढारी. बायामाणसं कामावर जाऊन बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. बापटांना पुढे दीर्घ शिक्षा झाली. तीनेक वर्षांत आंदोलन संपलं आणि धरण झालं. जगातल्या सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांत मुळशीचं नाव घेतलं जातं.

हे मी इथे का सांगते? कारण विजेच्या बाबतीत हा प्रकार पुढे पुन्हा पुन्हा दिसतो. निर्णय एका ठिकाणी होतो, फायदा दुसऱ्या ठिकाणी जातो, आणि किंमत तिसरंच कुणीतरी देतं. मुळशीच्या शेतकऱ्याची जमीन गेली, गिरणीमालकाचा कोळसा वाचला, आणि गिरणीतल्या कामगाराची रात्रपाळी पक्की झाली. तिघांनी एकमेकांना कधी पाहिलं नसेल.

चरखा माळ्यावर गेला

मुंबई-ठाणे पट्ट्यात वीज पसरत पसरत भिवंडीला आली ती १९२८ च्या सुमारास. खानसाहेब समद शेठ यांनी इथे पहिल्यांदा विजेवरचे माग बसवले असं भिवंडीत सर्वजण सांगतात. त्यांच्या नावाची बाग आजही आहे. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग स्वस्तात मिळायचे. ते बैलगाडीवर घालून भिवंडीला आणायचे, दुरुस्त करायचे आणि घराच्या पडवीतच बसवायचे. हातमागावर दिवसभरात जेवढं कापड निघायचं त्याच्या कितीतरी पट या मागावर निघू लागलं. जो काल सावकाराचा देणेकरी होता तो चार मागांचा मालक झाला. आमच्या समाजात पक्की घरं, शाळा, हजयात्रा, मुंबईशी थेट व्यापार हे सगळं या यंत्राने आणलं. माझं शिक्षणही त्याच मागाच्या पैशावर झालं. यंत्राला शिव्या देण्याचा मला काही हक्क नाही.

पण दादी एक गोष्ट सांगायची ती पुस्तकात सापडत नाही. यंत्रमागाला कांड्या फार लागतात, त्या चरख्यावर पुरत नाहीत. म्हणून कांडी भरायचं यंत्र आलं. ते कारखान्यात बसलं, आणि कारखान्यात परके पुरुष होते. चरखा माळ्यावर गेला आणि दादी स्वयंपाकघरात. "आराम झाला," लोक म्हणाले. दादीही तेच म्हणायची. पण त्यानंतर घरात सूत किती आलं, कापड काय भावाने गेलं, हे तिला कुणी सांगेनासं झालं. परदा आमच्याकडे होताच, पण आमच्या बायकांना उत्पादनाच्या बाहेर ठेवलं ते एकट्या धर्माने नाही, त्यात विजेच्या मोटरचाही वाटा होता. आज भिवंडीत कांडीच्या यंत्रांवर काम करताना बहुतेक वेळा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बाया दिसतात. त्याही विणकरांच्याच लेकी, तेलंगणातून आलेल्या.

दहाव्या माणसाची गोष्ट

आता तो बारा तासांचा प्रश्न. १९४८ च्या कायद्याने ९ तास ठरवले होते, मग भिवंडीत आठ ते आठ कसं चाललं?

१९४८ च्या कायद्याने कारखाना कशाला म्हणायचं हे ठरवलं. वीज वापरत असाल तर १० कामगार, वापरत नसाल तर २०. त्याखाली कारखाना नव्हता, म्हणजे तास मोजायला इन्स्पेक्टर नव्हता. दुसरीकडे सरकारने गिरण्यांच्या मागांची वाढ रोखली आणि लहान, मोजक्या मागांच्या युनिटला उत्पादन शुल्कात सवलती दिल्या. हेतू चांगला होता. लहान माणूस जगावा, रोजगार वाढावा. परिणाम असा झाला की एकाच छपराखाली अठ्ठेचाळीस माग असले तरी कागदावर ते बायको, भाऊ, मेहुणा यांच्या नावाने वाटलेले असायचे. मीटर वेगळे, नावं वेगळी, आवाज मात्र एकच. दहावा माणूस कधी कागदावर आलाच नाही.

मग १९८२ च्या जानेवारीत मुंबईत दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. मुंबईचे माग थांबले, पण बाजाराला कापड हवंच होतं. ते भिवंडीने दिलं. अब्बा सांगायचे, त्या दीड-दोन वर्षांत भिवंडीत जागा मिळेल तिथे माग बसले, दिवसरात्र चालले, आणि गिरण्यांचा शिक्का मारून कापड बाहेर गेलं. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने यंत्रमागाला गिरणीच्या बरोबरीने उभं केलं. गिरणगावातला कामगार, ज्याच्या आजोबाने बारा तासांविरुद्ध दगड उचलला होता, तो बेकार झाला. आणि त्याचं काम बारा तासांच्या पाळीत इथे आलं. मुंबईच्या मराठी कामगाराच्या हारण्यात आमची भरभराट होती, हे आपल्या समाजात फारसं बोललं जात नाही. बोललं पाहिजे.

या भरभराटीतही मजुराच्या वाट्याला काय आलं? तो पूर्वांचलातून, बिहारमधून आलेला. बिस्सीत जेवायचं, पाळीने झोपायचं. एका पथारीवर दिवसपाळीवाला रात्री आणि रात्रपाळीवाला दिवसा. एका माणसाने चार माग बघायचे, मग सहा, मग आठ. कापसाचे तंतू छातीत आणि खटखट कानात. रमजानमध्ये सहरीसाठी उठवणारा आमच्या गल्लीत यायचा तेव्हा दादी हसून म्हणायची, "किसे जगाता है, यहाँ सोया कौन है?"

मालक आमचेच, मजूर बरेचसे आमचेच. मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्यावी, हे आपण दर जुम्म्याला ऐकतो. ते आपण फक्त पैशापुरतं ऐकतो. त्याच्या झोपेचा हिशेब कुणी विचारत नाही.

माग थांबण्याचे दोन आवाज

लहानपणी मला माग थांबल्याचे दोन प्रकार माहीत होते. एक शुक्रवारचा. त्या दिवशी गल्लीत शांतता असायची, अब्बा पांढरे कपडे घालायचे. मला वाटायचं ही सुट्टी जुम्म्याच्या नमाजसाठी आहे. मोठी झाल्यावर कळलं की शेजारच्या डोंबिवलीच्या एमआयडीसीतही सुट्टी शुक्रवारीच असते. तिथे ती विजेच्या नियोजनातून आलेली, सगळ्या उद्योगांचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून भागवार दिवस वाटलेले. आमची सुट्टी किती नमाजची आणि किती विजेची, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

दुसरा प्रकार कर्फ्यूचा. १९८४ च्या मे महिन्यात मी जेमतेम शाळेत जाऊ लागले होते. त्या दंगलीत भिवंडी, कल्याण, ठाणे, मुंबई मिळून दोनशेहून अधिक माणसं गेली. मला मृत्यू आठवत नाहीत, शांतता आठवते. शुक्रवारची शांतता एका दिवसाची असायची, ही संपतच नव्हती. मजूर मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाले. जळालेल्या शेडमधून लोखंडाचा वास येत होता. त्याआधी १९७० च्या मे महिन्यातही भिवंडी अशीच पेटली होती. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्या दंगलीची चौकशी केली आणि पोलिसांच्या पक्षपातावर कठोर शब्दांत ठपका ठेवला. चौदा वर्षांनी तेच पुन्हा झालं.

मग एक वेगळी निवड केली गेली. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी बंदुका आणि गाड्या वाढवण्याऐवजी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. प्रत्येक भागात हिंदू आणि मुसलमान साधी माणसं, दुकानदार, मागवाले, शिक्षक, आणि त्यांच्यासोबत त्या भागातला पोलीस अधिकारी. पुढाऱ्यांना शक्यतो बाजूला ठेवलेलं. नळाचं भांडण, उधारीचं भांडण, मिरवणुकीचा रस्ता, सगळं तिथे बोललं जायचं. आमच्या अब्बांना आयुष्यात पहिल्यांदा पोलीस चौकीत खुर्चीवर बसायला सांगितलं गेलं, ते या कमिटीत. त्यांनी ते घरी येऊन तीनदा सांगितलं.

खोपड्यांची बदली झाली तरी ती पद्धत टिकली. १९९२ च्या डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. मी तेव्हा आठवी-नववीत. सगळ्यांना वाटत होतं की आता भिवंडी. रात्री गच्चीवर माणसं जागत होती, दोन्ही धर्मांची. आणि भिवंडी जळली नाही. त्या रात्री आमच्या गल्लीत माग चालू होते. त्या खटखटीने आम्हाला झोप लागली हे मी माझ्या मुलींना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही.

आज सुरक्षा म्हटलं की आपण नाक्यावरचे कॅमेरे मोजतो. कॅमेरे हवेतच, चोरी पकडायला कामी येतात. पण कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो. कमिटीतला माणूस, घडण्याआधी, समोरच्या गल्लीतल्या कुणाचं तरी नाव घेऊन हाक मारू शकायचा. यंत्र घेतलं की माणसाची गरज संपली असं धरून चालण्याची आपली सवय चरख्यापासूनची आहे.

आकडा

आता एक कडू गोष्ट. बी.एड.ला असताना एका सहाध्यायिनीने हसत हसत विचारलं होतं, "तुमच्या भिवंडीत सगळी वीज चोरीची ना?" वर्ग हसला. मीही हसले, आणि घरी येऊन अब्बांवर चिडले. आमच्या शेडवर आकडा नव्हता, बिल भरलेलं असायचं. पण शेजारी कुठे काय होतं हे मला दिसत नव्हतं असं नाही.

खरं काय होतं? भिवंडीत पुरवलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे येत नव्हते. त्यात चोरी होती, नक्की होती. आकडे होते, मीटरमध्ये केलेली करामत होती, आणि ती डोळ्यांआड करणारी माणसंही होती. शिवाय जुन्या तारा, क्षमतेपेक्षा जास्त भार ओढणारे ट्रान्सफॉर्मर, न बदललेले मीटर हेही होतं. त्याच काळात राज्यात विजेचा दुष्काळ होता. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पावर राज्याने मोठा डाव लावला होता. १९९९ मध्ये तो सुरू झाला, वीज परवडेना म्हणून २००१ मध्ये बंद पडला, आणि मधल्या काळात दुसरी तयारी पुरेशी झाली नव्हती. मग भारनियमन आलं. ते वाटताना नियम असा की ज्या भागात गळती जास्त, तिथे अंधार जास्त. हिशेबाने हे बरोबर वाटतं. पण चोरी करणारा आणि बिल भरणारा एकाच तारेवर असतात. अब्बा बिल भरून अंधारात बसायचे. मीटरवरचा मजूर तर आधीच अंधारात.

२६ जानेवारी २००७ पासून भिवंडीचं वीज वितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून दिलं गेलं. असा प्रयोग देशात पहिलाच. नवे मीटर, नव्या तारा, नवे ट्रान्सफॉर्मर आले. काही वर्षांत गळती पाचव्या हिश्श्याच्या आसपास आली, भारनियमन संपल्यात जमा झालं. बिलांवरून, मीटरवरून, पोलीस केसेसवरून मोर्चेही निघाले. दोन्ही गोष्टी खऱ्या. पुढे २०११ मध्ये नागपूर, औरंगाबाद, जळगाव इथेही फ्रँचायझी आल्या, आणि ते करार काही वर्षांत संपुष्टात आले. २०२० मध्ये मालेगाव आणि मुंब्रा-कळवा या भागांत आल्या. आपल्यातले काहीजण म्हणतात की हे मुसलमान वस्त्यांवरच का. नागपूर-जळगावची उदाहरणं बघता हे म्हणणं तितकं सरळ नाही. पण एक प्रश्न उरतोच. तोट्याचा आकडा एखाद्या गावाच्या चारित्र्याचा दाखला कधी होतो आणि कुणाच्या बाबतीत होतो? राज्यात आकडे अनेक ठिकाणी टाकले गेले. 'चोरांचं गाव' हे नाव सगळ्यांना चिकटलं नाही.

त्या सहाध्यायिनीला मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही. आज दिलं असतं. म्हटलं असतं, हो, चोरी होती, आणि ती चूकच होती. आता मुळशीच्या शेतकऱ्याची जमीन, मजुराची झोप आणि बिल भरणाऱ्याचा अंधार, यांचाही हिशेब काढू या.

वहीतल्या चार ओळी

अब्बांनी माग विकले त्याला दहा वर्षं होऊन गेली. भंगाराच्या भावाने गेले. आमच्या शेडच्या जागी आता गोदाम आहे, त्यात मुंबईला घरपोच जाणाऱ्या वस्तूंची खोकी असतात. भिवंडीच्या आसपास मैलोगणती अशी गोदामं झाली. काही मालकांनी धोटा नसलेले नवे रेपियर माग आणले, ते वेगाने विणतात. काहींनी छपरावर सौर पत्रे बसवले. नवं येत राहील, ते यावंच. जुन्या मागांसाठी रडणाऱ्यांतली मी नाही.

मला फक्त एवढं विचारायचं आहे की नवा माग आला, नवी वीज आली, तर त्याने वाचवलेला वेळ कुणाला मिळाला? १९११ मध्ये बारा तास ही मर्यादा होती, कमाल. आमच्याकडे ती पद्धत झाली. गोदामातही मी पाळीचे तास विचारून पाहिले, उत्तर फार वेगळं नव्हतं. लोखंड्यांनी सूर्यास्त मागितला होता. तो त्यांना मिळाला नाही, पण मागितला होता. आमच्या गावात मजुरांच्या तासांसाठी झालेली मोठी सभा मला आठवत नाही. भाववाढीसाठी, सुताच्या दरासाठी, वीजबिलासाठी संप झाले, माग बंद राहिले. तासांसाठी नाही. मालकांच्या संघटना आहेत, त्यांत आपलेच भाऊ आहेत. तीन पाळ्या, आठ-आठ तास, दर मीटरचा भाव त्याप्रमाणे वाढवून, हे अशक्य नाही. इचलकरंजीला, मालेगावला, भिवंडीला एकाच वेळी करावं लागेल, नाहीतर काम दुसऱ्या गावी पळेल, हे मला माहीत आहे. त्यासाठी बोलावं तर लागेल. भिवंडीला खुर्च्या मांडून बोलायचं कसं हे एकदा जमलं होतं.

त्या मुलाला मी दहापैकी आठ गुण दिले. वही परत देताना विचारलं, या आठवड्यात अब्बांची पाळी कोणती? तो म्हणाला, "रात की, टीचर." मग मराठीच्या तासाला उर्दू चालत नाही हे आठवून त्याने दुरुस्त केलं, "रात्रीची." आणि वही घेऊन जागेवर गेला.